एकट्यानें परदेशीं जातांना

देऊळगांव राजा हें बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांतलें, जालन्याच्या वाटेवरील गांव. आगगाडी गांठावयाची तर जालन्यास जावें लागतें. त्यामुळें येथून कोणी मुलगा किंवा मुलगी नोकरीसाठीं परदेशीं निघाली, कीं बालाजीचें दर्शन होतें आणि घरचीं माणसें जालन्याच्या फलाटापर्यंत, फार तर मुंबईच्या विमानतळापर्यंत पोंचवावयास येतात. पुढचा प्रवास एकट्याचा. मोठ्या शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबाची स्थिति याहून फारशी निराळी नसते. निरोपाचें ठिकाण तेवढें बदलतें. निरोप देणाऱ्या प्रत्येकाच्या मनांत प्रश्न एकच असतो : याचें तिकडे कसें होईल ?

या प्रश्नाचें उत्तर आपण बहुधा धैर्याच्या भाषेंत देतों. मुलगा धीट आहे, निभावून नेईल, असें म्हणतों. धैर्य हवेंच, परंतु परदेशीं एकट्यानें जाणें आणि तेथें एकटें पडणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट टाळावयास नुसतें धैर्य पुरत नाहीं. तीन आधार लागतात : हातांतली विद्या, खिशांतला कागद आणि ओळखीचें माणूस. आणि हे तिन्ही निघण्यापूर्वीं, घरीं बसून जमवावयाचे असतात.

विद्येचा आधार किती दूर नेतो याचें उदाहरण विदर्भांतच आहे. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ सालीं वर्धा येथें झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत ते देश सोडून निघाले आणि जपानमार्गें अमेरिकेस पोंचले. वॉशिंग्टन राज्यांतील कृषि महाविद्यालयांतून ते १९१३ सालीं पदवीधर झाले. गदर चळवळीच्या संस्थापकांत ते होते. त्यामुळें इंग्रजी राज्य असेपर्यंत मायदेशाची वाट त्यांना बंद झाल्यासारखीच होती. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीनंतर, १९२४ सालीं, ते मेक्सिकोंत आले. देश परका, भाषा स्पॅनिश, पाठीशीं कोणतेंहि सरकार नाहीं. परंतु पिकें कशीं सुधारावीं ही विद्या सर्व देशांत सारख्याच मोलाची. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषि विद्यालयांत ते अध्यापक झाले, मक्याच्या जातींवर त्यांनीं संशोधन केलें, आणि शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळांचें काम केलें. ज्वारी-कापसाच्या मुलखांतला माणूस मक्याच्या मुलखांत रुजला.

यावरून निघणाऱ्यानें स्वतःस विचारावें : माझी पदवी किंवा माझें कसब त्या देशांत मानलें जातें काय ? डॉक्टर, परिचारिका इत्यादींना पुष्कळ देशांत तिकडची परीक्षा किंवा नोंदणी झाल्याशिवाय आपला व्यवसाय करतां येत नाहीं. ही चौकशी विमानांतून उतरल्यावर केली, तर शिकलेल्या माणसाचीं कित्येक वर्षें मिळेल त्या कामांत जातात.

दुसरा आधार कागदाचा. मॉरिशस बेटावर १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठीं हिंदी मजूर करारानें नेण्यांत आले. त्यांची एकूण संख्या साडेचार लाखांच्या घरांत जाते. मुंबई बंदरांतून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतले मराठी लोकहि होते. त्यांच्याजवळहि कागद होता. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचें 'गिरमिट' झालें, तें अशाच करारांमुळें. पण सही किंवा अंगठा करणाऱ्या बहुतेकांना तो वाचतां येत नव्हता. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे लोक उतरत, त्याच्या दगडी पायऱ्या अजून उभ्या आहेत. २००६ सालीं युनेस्कोनें तें स्थळ जागतिक वारसा म्हणून नोंदविलें. त्यांच्या वंशजांनीं तेथें मराठी जपली, ही अभिमानाची गोष्ट खरी. तथापि न वाचलेला करार आधार न होतां बेडी होतो, हाहि धडा त्याच पायऱ्यांवर मिळतो.

पुढें कायदे झाले. १९२२ चा उत्प्रवास कायदा जाऊन १९८३ चा आला. त्यानें परदेशीं नोकरीस माणसें पाठविणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी सक्तीची केली. त्या व्यवस्थेंत दहावी न झालेल्या माणसास आखाती देशांसारख्या ठराविक देशांत नोकरीसाठीं जातांना उत्प्रवासी संरक्षक या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. लबाड दलाल ही पायरी चुकविण्यासाठीं पर्यटकाच्या व्हिसावर माणूस धाडतात. अशा माणसास तेथें काम करण्याचा हक्कच नसतो. म्हणून मजुरी बुडाली तरी तो दाद मागण्यास भितो, आणि मुदत संपली कीं कायद्याच्या दृष्टीनें अपराधी ठरतो.

सुशिक्षितांनीं हें केवळ मजुरांचें दुखणें समजूं नये. अमेरिकेंतील एच-वन-बी हा परवाना नोकरी देणाऱ्या मालकाशीं बांधलेला असतो. नोकरी सुटल्यास दुसरी सोय करण्यास सामान्यतः फार तर ६० दिवस मिळतात. वातानुकूलित कचेरींत बसणाऱ्यासहि आपला कागद कशावर टांगलेला आहे हें ठाऊक असलें पाहिजे.

तिसरा आधार माणसाचा. लंडनला महाराष्ट्र मंडळ १९३२ सालींच निघालें. पुढें अमेरिकेंत व इतरत्र अशीं अनेक मंडळें झालीं. तेथें गणपति बसतो, दिवाळी होते, एवढेंच त्यांचें महत्त्व नाहीं. तापानें अंथरूण धरलेल्या एकट्या जिवाच्या दाराशीं कोण येईल, या प्रश्नाचें तें एक उत्तर आहे. मात्र आपल्याच लोकांत मिटून राहणेंहि बरें नव्हे. तेथला शेजारी, तेथली भाषा हींहि आपलीं करावीं लागतात. खानखोजे यांनीं मेक्सिकोंत एका बेल्जियन स्त्रीशीं विवाह करून संसार थाटला, तो परक्यांना आपलें मानूनच.

घरीं राहणाऱ्यांनाहि यांत काम आहे. पारपत्र, व्हिसा व करार यांच्या प्रती घरीं ठेवाव्या. मालकाचा व राहण्याचा पत्ता लिहून घ्यावा. बोलण्याचा वार ठरवावा. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे शेत गहाण टाकून कोणास पाठवूं नये. ज्याच्यामागें कर्जाचा डोंगर आहे, तो छळ झाला तरी परतूं शकत नाहीं; मार खाऊनहि पत्रांत सर्व ठीक असल्याचें लिहितो. परत येणें म्हणजे हार नव्हे, हें त्याला निघण्यापूर्वींच, वडील माणसांच्या तोंडून ऐकावयास मिळालें पाहिजे. खानखोजेसुद्धां स्वातंत्र्यानंतर परतले आणि १९६७ सालीं नागपुरास वारले. जालन्याच्या फलाटावर डबा आणि प्रसाद हातीं देतांना हें एक वाक्यहि बरोबर द्यावें.