सायकलस्वाराचे शिरस्त्राण : सक्ती की समजूत?

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस वाढला आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. गाळप हंगाम सुरू झाला की या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि टायर बैलगाड्या यांची रीघ लागते. वाड्या-वस्त्यांवरून शाळेत येणारी मुलेमुली याच रस्त्यांच्या कडेने सायकली चालवीत असतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, असावे किंवा कसे, हा प्रश्न पालकांप्रमाणेच शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याही विचाराचा आहे.

कायद्याने हा प्रश्न सोडविलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 129 अन्वये शिरस्त्राणाचे बंधन आहे ते मोटारसायकलीसारख्या यांत्रिक दुचाकीस. पायाने चालवावयाची सायकल त्यात येत नाही. तेव्हा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा आहे, आणि तो घेण्यापूर्वी या साधनाची शक्ती व मर्यादा दोन्ही समजून घेणे इष्ट होय.

सायकलच्या शिरस्त्राणाचे काम त्यातील जाड, ठिसूळ फेसाचे अस्तर करते. आघाताच्या वेळी हे अस्तर स्वतः चेपते, डोके थांबण्यास काही क्षणांश अधिक मिळतात आणि मेंदूस बसणारा हादरा कमी होतो. युरोपीय मानकाच्या चाचणीत ते सुमारे दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडावर आदळवितात. आघाताचा वेग ताशी 20 किलोमीटरच्या आतबाहेर असतो. खडीवरून घसरणे, खड्ड्यात चाक जाणे, कुत्रे आडवे येणे अशा पडझडीस हे संरक्षण पुरेसे उपयोगी पडते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 64 हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी तपासण्यात आल्या. शिरस्त्राण वापरणाऱ्यांत डोक्यास इजा होण्याची शक्यता सुमारे निम्म्याने आणि गंभीर इजेची सुमारे दोन-तृतीयांशाने कमी आढळली.

मात्र भरलेल्या ट्रॉलीचे चाक अंगावरून गेल्यास कोणतेही शिरस्त्राण उपयोगाचे नाही. तिन्हीसांजेस रस्त्यात बंद पडलेली, मागे परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली हा सायकलस्वाराचा खरा काळ आहे. त्यावरील उपाय मुलाच्या डोक्यावर नसून कारखान्याच्या वाहनतळावर आहे. हंगामाच्या प्रारंभी कारखाने व परिवहन कार्यालय यांच्यामार्फत वाहनांना परावर्तक लावले जातात. गावातील प्रत्येक ट्रॉलीस व गाडीस ते लागले आहेत की नाहीत, हे ग्रामपंचायतीने पाहण्यासारखे आहे. रस्त्याच्या साइडपट्ट्या मुरूम टाकून भरून घेणे हेही त्याच तोलाचे काम. नेदरलँड्समध्ये शिरस्त्राण घालणारे थोडे असूनही तेथे सायकल सुरक्षित मानली जाते, याचे कारण तेथील स्वतंत्र सायकलमार्ग.

सक्तीचा अनुभवही विचारात घ्यावा. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 1990 च्या जुलैपासून सायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. डोक्याच्या दुखापती कमी झाल्या. परंतु किशोरवयीन सायकलस्वारांची संख्याही लक्षणीय घटल्याचे पाहण्यांत दिसून आले. तेथे सायकल सोडणाऱ्या मुलास दुसरे वाहन मिळाले असेल. आपल्याकडे जिल्हा परिषदांनी मुलींना सायकली दिल्या त्या शिक्षण सुटू नये म्हणून. ‘शिरस्त्राण नसेल तर सायकल शाळेत आणू नका’ असा फलक एखाद्या मुख्याध्यापकाने सद्हेतूने लावला, तर एखादी मुलगी घरीच राहील. शिरस्त्राण घालावे, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु शाळाप्रवेशाची ती अट करू नये. सायकलवाटपाच्या वेळीच ते सोबत देता आले तर उत्तम.

घेताना मापाकडे लक्ष द्यावे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी, पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट शिरावे. वेण्या मानेवर खाली घातल्यास ते नीट बसते, उंच अंबाड्यावर बसत नाही. वडिलांचे मोटारसायकलचे शिरस्त्राण मुलास देऊ नये. ते जड असते, मोठे होते आणि आपल्याकडील उन्हात सहन होत नाही. एकदा जोराने आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी बदलावे, कारण आतील अस्तर पुन्हा पूर्ववत होत नाही. शाळेत पोहोचल्यावर ते काढून ठेवण्यास मुलांना आवर्जून सांगावे. झाडावर किंवा खेळाच्या साधनांवर चढताना ते अडकून पट्ट्याने गळा आवळला जाण्याचा धोका असतो.