जिभेखालची गोळी घेताना

छातीत कळ आली, की शेजारच्या काकांकडून सॉर्बिट्रेटची गोळी मागून आणण्याची पद्धत सोसायट्यांमध्ये सर्रास आढळते. हेतू चांगला, पण ही गोळी ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली, त्याच्यासाठीच आहे.

तिच्यातील आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट रक्तवाहिन्या सैल करते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन त्यावरील ताण हलका होतो व कळ ओसरते. मात्र त्याचबरोबर रक्तदाबही उतरतो. म्हणून ती बसूनच घ्यावी; उभ्याने घेतल्यास भोवळ येऊ शकते. रक्तदाब आधीच फार कमी असल्यास, किंवा २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) अथवा ४८ तासांत टाडालाफिल घेतले असल्यास, ती जिवावर बेतू शकते. संकोचापोटी रुग्ण नेमकी हीच गोष्ट लपवतात.

गोळी गिळू नये. गिळलेल्या औषधाचा बराचसा अंश यकृतातच निष्प्रभ होतो. जिभेखाली विरघळलेले औषध थेट रक्तात मिसळते. डोके ठणकणे हा नेहमीचा परिणाम होय.

आराम पडला म्हणजे दुखणे हृदयाचेच होते, असेही नाही. अन्ननलिकेच्या आकडीतही या गोळीने बरे वाटते. उलट, हृदयविकाराच्या झटक्यातील रक्ताची गुठळी ती विरघळवत नाही. पहिल्या गोळीनंतर ५ मिनिटांत कळ थांबली नाही, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कळ पहिल्यांदाच आली असेल, तर गोळी शोधत न बसता आधी हाच क्रमांक फिरवावा.

गोळ्या मूळ पाकिटातच, उन्हापासून दूर ठेवाव्यात आणि त्यांची मुदत अधूनमधून तपासावी.