पाण्यावरच्या रेघा कोण ओढतं?

वारा सुटला की तळ्यावर, समुद्रावर फेसाच्या लांबच लांब समांतर रेघा उमटतात. वारा फेस ढकलतो म्हणून रेघा, असं सहज वाटतं. पण वारा फेस पुढे नेईल. मधले पट्टे झाडून तो बाजूच्या ओळींत कशाला गोळा करील? १९२७ साली अटलांटिक ओलांडताना रसायनशास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांना सरगॅसम शैवालाच्या अशाच ओळी दिसल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर प्रयोग करून त्यांनी १९३८ मध्ये उत्तर मांडलं. पृष्ठभागाखाली वाऱ्याच्या दिशेने पसरलेले, आडव्या लाटण्यांसारखे भोवरे असतात, शेजारचे दोन उलटसुलट फिरणारे. त्यांचं पाणी जिथे एकत्र येऊन खाली जातं, तिथे तरंगणारा फेस बुडत नाही, वरच अडकतो. (साधी गोष्ट, पण कुणाला तरी सुचावी लागते!)

पण हे भोवरे फिरवतं कोण? वरचं पाणी थंड होऊन बुडत असेल, अशी शंका रास्त आहे. पण उन्हाने पाणी वरून तापत असतानाही रेघा दिसतात, आणि वाऱ्याने दिशा बदलली की थोड्याच वेळात त्याही वळतात. १९७६ मध्ये क्रेक आणि लाइबोविच या संशोधकांनी दाखवलं की वाऱ्याने वाहणारा प्रवाह आणि लाटा यांच्या संयोगातून हे भोवरे जन्मतात. नुसता वारा पुरत नाही, लाटाही लागतात. वाऱ्याच्या दिवशी पुलावरून जरूर बघा.