ब्रेक अकाली का झिजतात? दुरुस्तीच्या वेळी घ्यावयाची दक्षता

पौष पौर्णिमेस मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची, म्हणजेच म्हसोबाची यात्रा भरते. तेथील बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्यास चालवून पाहतो आणि मगच सौदा करतो. ट्रॅक्टर किंवा मोटारगाडीच्या बाबतीत मात्र ही चोखंदळ वृत्ती क्वचितच दिसून येते. गाडी सर्व्हिस सेंटरच्या स्वाधीन केली की आपले काम संपले, अशी समजूत असते. ब्रेकच्या बाबतीत ही समजूत खर्चाची ठरते व प्रसंगी जिवावर बेतते.

पेडल दाबले असता लायनर अथवा पॅड फिरत्या ड्रमवर वा चकतीवर घासतात व चाकाच्या गतीची उष्णता होते. तेव्हा थोडी झीज ही होणारच. ती अकाली झाल्यास मात्र कारण शोधावयास हवे.

कारणे बहुधा पुढीलप्रमाणे असतात. पेडलवर सतत पाय टेकवून गाडी चालविणे. हँडब्रेक पूर्ण न सोडणे. पेडलला पुस्तिकेप्रमाणे मोकळी चाल नसणे. प्रमाणाबाहेर भार भरणे. भातखाचरात चिखलणी करताना ड्रममध्ये चिखल शिरला, तर तो कानशीप्रमाणे लायनर झिजवितो. शेतात वळताना ट्रॅक्टरचा एकाच बाजूचा ब्रेक वारंवार दाबल्यास दोन्ही बाजूंची झीज विषम होते. रस्त्यावर येताच दोन्ही पेडले कडीने जोडलीच पाहिजेत. अन्यथा एकच चाक अडून ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. माळशेजसारख्या घाटात उतरताना खालच्या गिअरमध्येच उतरावे. इंधन वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे घातक होय.

कधी दोष चालकाचा नसून यंत्राचा असतो. प्रवासानंतर एकाच चाकाजवळ अधिक उष्णता जाणवली, तर तेथील ब्रेक अडकून राहत असावा. हात न लावता दुरूनच अंदाज घ्यावा. एकाच चाकावरील दोन पॅडांपैकी एक फार झिजला असेल, तर कॅलिपरच्या पिना अडकल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी नुसते पॅड बदलल्यास नवे पॅडही तसेच झिजतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व गरम झाल्यावर त्याची पकड सुटते. म्हणून तेही ठरलेल्या मुदतीत बदलावे.

पॅड व लायनर हे झिजणारे भाग असल्याने ते हमीत बहुधा येत नाहीत. परंतु ते झिजविणारा मूळ दोष हमीत येऊ शकतो. म्हणून विक्रेत्याकडे जाताना "ब्रेक बदला" असे न सांगता "ब्रेक इतक्या लवकर का झिजले, ते तपासा" असे सांगावे व हीच तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्यावी. त्यावर गाडीचे किलोमीटर किंवा ट्रॅक्टरचे तास नोंदवावेत. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा, बदललेले जुने भाग पाहण्यास मागावेत व पक्के बिल जपून ठेवावे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मोकळ्या जागी सावकाश चालवून ब्रेक पाहावा.

एवढे करूनही दाद न मिळाल्यास विक्रेता व उत्पादक या दोघांस लेखी कळवावे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. तीसाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. स्वयंरोजगाराने केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी वाहन वापरणारा शेतकरी या कायद्याने ग्राहकच ठरतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भातलावणी आटोपताच गावातील ट्रॅक्टर एकत्र आणून ब्रेकची तपासणी करवावी. ट्रॉलीत बसणारी मजूर माणसे ब्रेकच्या भरवशावरच बसलेली असतात. बैलाचे दात पाहणाऱ्या डोळ्यांनी एकदा ब्रेकही पाहावेत, हे हिताचे होय.