चर्चच्या नोंदवह्यांचे सूक्ष्मपट व कुलेतिहास

कुलवृत्तान्ताच्या अभ्यासकांस करीने, महजर व तीर्थोपाध्यायांच्या वह्या हीं साधनें परिचित आहेत. परंतु मुंबई इलाख्यांतील युरोपीय व मिश्रवंशीय ख्रिस्ती घराण्यांचा शोध करूं जातां हीं पुरीं पडत नाहींत. तेथें आधार मिळतो तो चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्यांचा.

ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक आपल्या वहीची नक्कल इलाख्याच्या मुख्य ठिकाणीं पाठवीत व तेथून ती लंडनास जाई. मद्रासच्या नकला १६९८, मुंबईच्या १७०९ व बंगालच्या १७१३ पासूनच्या असून त्या आज ब्रिटिश लायब्ररींत आहेत. १८९४ सालीं स्थापन झालेल्या युटा येथील वंशावळी-मंडळानें १९३८ पासून जुन्या दप्तरांचे सूक्ष्मपट, म्हणजे मायक्रोफिल्म, घेण्यास आरंभ केला. या नकलांचे पटहि त्यानें घेतले. पटांचीं रिळें वाचकांस उसनीं पाठविण्याची प्रथा २०१७ सालीं बंद झाली. आतां पुष्कळशीं चित्रें संगणकावर पाहावयास मिळतात.

पट म्हणजे मूळ वही नव्हे. तें नकलेचें चित्र होय. पोथीप्रमाणें येथेंहि पाठभेद व गळलेल्या ओळी संभवतात. शिवाय बाप्तिस्म्याची तारीख ती जन्मतारीख नव्हे. कालगणनेचीहि अडचण आहे. इंग्रजांनीं नवी गणना १७५२ सालीं स्वीकारली. तत्पूर्वीं त्यांचें वर्ष २५ मार्चला सुरू होई व अठराव्या शतकांत त्यांची तारीख ११ दिवस मागें असे. या रीतीनें लिहिलेली १ फेब्रुवारी १७३८ ही आजच्या गणनेनें १२ फेब्रुवारी १७३९ होते. वसईचे पोर्तुगीज मात्र नवी गणना पाळीत. म्हणून मुंबई व वसई येथील कागद ताडून पाहतांना हें अंतर विसरूं नये.

सर्वांत मोठा प्रश्न मातेचा आहे. पिता युरोपीय व माता एतद्देशीय असल्यास पित्याचें नांव व हुद्दा लिहिलेला, परंतु मातेचें नांवच नाहीं, अशा नोंदी पुष्कळ आढळतात. यावरून त्या घराण्यांत एतद्देशीय रक्त नाहीं असा निष्कर्ष काढणें म्हणजे एका स्त्रीस तिच्या वंशांतूनच पुसून टाकणें होय. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीस प्रमाण मानतात, परंतु ती योग्यानुपलब्धि असावी लागते; वस्तु असती तर ती दिसलीच असती, अशा ठिकाणींच तिचें न दिसणें अभाव सिद्ध करितें. लिहिणाराला जिचें नांव लिहिण्याची गरजच वाटली नाहीं, तिच्याविषयीं वहीचें मौन कांहींच सिद्ध करीत नाहीं.

अशा वेळीं पित्याचें मृत्युपत्र शोधावें. चर्चच्या वहींत न आलेल्या स्त्रीचें नांव, तिला ठेवलेली रक्कम व मुलांचा उल्लेख तेथें कित्येकदां सांपडतो. तेंहि न मिळाल्यास वंशावळींत मातेची जागा रिकामी ठेवावी, परंतु ठेवावी अवश्य, असें आमचें मत आहे.