नदीकाठची वाडी आणि तिचे धंदे



प्लॉट पाहणीच्या निमित्ताने आम्हांला शिरोळ तालुक्यात नेहमी हिंडावे लागते. दुपारच्या भाकरीला आम्ही पुष्कळदा नरसोबाच्या वाडीला घाटावर बसतो. समोर कृष्णा-पंचगंगेचा संगम, मागे पेढ्यांची दुकाने, वर रस्त्याने उसाच्या गाड्या. बसल्या बसल्या मनात आले, ही एवढीशी वाडी इतकी वर्षे जगली कशावर? त्या विचारातून हा लेख.

श्री नृसिंह सरस्वतींचे येथे बारा वर्षे वास्तव्य होते, असे परंपरा सांगते. ते भिक्षेला पलीकडे अमरापुरी, म्हणजे आजच्या औरवाडला जात. पुढे पादुकांच्या दर्शनाला माणसे येऊ लागली आणि त्यांच्या मागोमाग धंदे आले. पुजारी आले, फुलवाले आले, उतरून घ्यायला नावाडी आले. प्रसाद हवा म्हणून पेढा आला. त्याच्या जोडीला बासुंदी आणि कवठाची बर्फी.

दुसरे धंदे शेतीचे. मोट चालायची त्या काळी चामड्याची मोट शिवणारा, नाडा वळणारा, चाक करणारा सुतार, फाळ शेवटणारा लोहार, या सगळ्यांची चूल शेतकऱ्याच्या बलुत्यावर पेटे. गुऱ्हाळ लागले की गुळव्याचा मान पाटलापेक्षा कमी नसे. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली कोल्हापुरात शाहूपुरी पेठ वसवली आणि या भागाच्या गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली.

मग काळ फिरला. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर आले, लोखंडी चरक आले. पुढे इंजिन आले, मोटर आली, आणि मोट खुंटीला लागली ती कायमचीच. मोटेबरोबर ती शिवणारे हातही दुसऱ्या कामाला गेले. सहकारी कारखाने निघाले तशी गुऱ्हाळे कमी झाली. पूल झाले आणि नावाड्याची रोजची उतारू गेली. मात्र नदी कोणाला विसरू देत नाही. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरात पूल पाण्याखाली गेले तेव्हा सगळे नावेचीच वाट बघत होते. पूर्वी तर नाव नसली की गुऱ्हाळाची काहीलच पाण्यात लोटीत!

एवढ्या उलथापालथीत दुधाचा धंदा मात्र टिकला. का? आम्ही एका सभासद आजींना विचारले. गोठ्यात दोन म्हशी, दारात वाड्याचा भारा. त्या म्हणाल्या, “साहेब, ऊस वर्सातनं एकदा पैसा देतोय, म्हस रोज देतीया. आन उसाचं वाडं हाय म्हणून तर म्हस हाय.”

बघा, केवढा हिशेब सांगितला! उसाचे वाडे म्हशीला, म्हशीचे दूध भट्टीला, शेण पुन्हा उसाला. म्हशीचे चांगले दूध चार-साडेचार लिटर आटवले की किलोभर खवा पडतो. एकावर एक उभा असलेला धंदा सहजी मोडत नाही. (जाता जाता, नुसत्या वाड्यावर जनावर ठेवू नका. वाड्यातील ऑक्झॅलेटमुळे अंगातला चुना कमी होतो. सोबत दुसरी वैरण आणि खनिज मिश्रण द्यावे.)

आता मुद्द्याचे बोलतो. त्याच फेरीत एका शेताच्या बांधावर आम्ही उभे राहिलो. बारा वर्षांपूर्वी आम्हीच तेथे एकरी साठ टनांची नोंद घेतली होती. आज सरीच्या वरंब्यावर पांढरा थर, उगवण तुटक. मालक म्हणाले, “पाणी तर भरपूर पाजतोय की!” दुखणे तिथेच आहे. भरमसाट पाणी, निचरा नाही, वर्षानुवर्षे ऊसच. पाण्याची पातळी वर आली, पाणी उडून गेले आणि क्षार वर राहिले. या तालुक्यात हजारो एकर जमीन अशी क्षारपड झाली आहे.

नाव फुटली तर दुसरी करता येते, मोट गेली तर मोटर आणता येते. जमीन गेली तर काय आणणार? तिच्यावर ऊस, वाडे, म्हैस आणि पेढा, सगळेच उभे आहे.

म्हणून सांगणे एवढेच. माती-पाणी तपासून घ्या. मोकाट पाणी बंद करा, जमेल त्याने ठिबक करावे. पाचट पेटवू नका, सरीत कुजवा. खोडवे निघाले की ताग किंवा धैंचा गाडा आणि फेरपालट करा. तपासणीत जमीन चोपण निघाली तरच सल्ल्याने जिप्सम टाका. जेथे पाणी साचते तेथे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करावा लागतो. तो एकट्याचे काम नव्हे. वरच्याचे पाणी खालच्याच्या शेतात जाते. शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी मिळून चर काढला तरच जमते. याच तालुक्यात असे करून पड जमिनीत पुन्हा ऊस उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे.

ज्यांच्या शेतात पांढरा थर दिसू लागला आहे त्यांनी लाजू नये, लपवू नये. आपल्या गट ऑफिसला नाव नोंदवावे. आम्ही बांधावर येतो.