सर, श्वास सोडा!

मुंब्रा स्थानकाजवळचा डोंगर मी तीस वर्षे लोकलच्या खिडकीतून पाहत आलो. मुंबईच्या कित्येक गिर्यारोहकांनी प्रस्तरारोहणाची बाराखडी इथे गिरवली आहे. गेल्या डिसेंबरात एका रविवारी मीही त्यांच्यात सामील झालो. वय चोपन्न, रोज रक्तदाबाची एक गोळी. दाब आटोक्यात असल्याची खात्री करूनच गेलो होतो. आमच्या विभागातला एक निवासी डॉक्टर नवशिक्यांना शिकवणाऱ्या गटात आहे, त्याच्याच भरवशावर.

पहिला तास जमिनीवरच गेला. डोक्याला हेल्मेट, कमरेला हार्नेस, त्यात दोराची आठाची गाठ. ती चढणाऱ्याने आणि दोर सांभाळणाऱ्याने, दोघांनीही तपासायची. दोर कातळाच्या माथ्यावरच्या पक्क्या आधारातून फिरून खाली येतो आणि खालचा माणूस तो सांभाळतो. याला ‘बिले’ म्हणतात. हात सुटला, तरी दोर तोलून धरतो. खाडीवरच्या दमट हवेत तळवे घामेजतात, म्हणून बोटांना मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावायची.

मग चढाई. पंधरा फुटांवर मी अडकलो. कोपरापुढचे स्नायू दगडासारखे घट्ट, बोटे उघडेनात, उजवा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा थडथडत होता. खालून आवाज आला, “सर, श्वास सोडा!”

खरेच, मी श्वास रोखून धरला होता. घट्ट पकडलेल्या हातातले आकुंचित स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतात. प्राणवायू कमी पोहोचतो, पकड ढिली पडते, त्या भीतीने आपण आणखी आवळतो. श्वास रोखून जोर लावला, की रक्तदाबही काही क्षण एकदम चढतो. उलट सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते.

मी श्वास सोडला. त्याच्या सांगण्यावरून कोपर सरळ केले, वजन पायांवर घेतले, एकेक हात खाली सोडून झटकला. शरीर वर ढकलायचे ते मांड्यांनी. हात मुख्यतः तोलासाठी. आणखी दहा फूट चढलो. माथा गाठला नाही.

ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना हृदयविकार किंवा खांद्याचे जुने दुखणे आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इतरांनीही घाई करू नये. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. बोटांच्या कंडरांना मात्र महिने लागतात. प्रशिक्षकाशिवाय कातळाला हात लावू नये.

इतकी वर्षे मी घाबरलेल्या रुग्णांना “घाबरू नका” म्हणत आलो. त्या दिवशी मला कोणी तसे म्हणाले असते, तर काहीच उपयोग झाला नसता. भ्यालेल्या माणसाला करता येण्याजोगे एखादे छोटे काम हवे असते. आता वॉर्डात मी आधी म्हणतो, “सावकाश श्वास सोडा.”